अजरखचा वारसा थेट मोहेंजोदडोपर्यंत न्यायलाच हवा का?

निळीचीकुंडी: प्रदर्शनात अजरखचा, म्हणजे कच्छ-सिंधच्या ठसाछपाईच्या निळ्या-लाल कापडाचा, स्टॉल दिसला की पाटी ठरलेली, 'पाच हजार वर्षांची परंपरा'. पुरावा काय, तर मोहेंजोदडोचा 'पुरोहित राजा' आणि त्याच्या अंगावरची तिपानी नक्षीची शाल. अहो, ती दगडी मूर्ती आहे! नक्षी छापलेली, विणलेली की भरतकामाची, हे दगडावरून कसं कळणार?

खरा पुरावा असताना हे कशाला? इजिप्तमध्ये कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या शहराच्या कोरड्या मातीत गुजरातचं छापील सुती कापड सापडलंय. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातल्या एकट्या न्यूबेरी संग्रहात असे सुमारे बाराशे तुकडे आहेत. कार्बन कालमापनात सर्वांत जुने दहाव्या शतकाच्या आसपासचे निघाले. निळ्या जमिनीवर पांढरी फुलं, वेली, पानांनी भरलेली झाडं. हा पांढरा रंगवलेला नाही, अजरखसारखाच लेप लावून तिथे नीळ अडवलेली आहे. काही तुकड्यांवर शिवण शाबूत आहे, म्हणजे कुणीतरी अंगात घातलेलं कापड. हा हजार वर्षांचा इतिहास कमी पडतो?

धाग्यामागेधागा: असहमत. मूर्ती ठेवा बाजूला. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेलं सुती कापड मिळालं, तेही मंजिष्ठेने रंगवलेलं. मंजिष्ठेचा लाल सुतावर तुरटीसारख्या बंधकाशिवाय, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पदार्थाशिवाय, पक्का बसत नाही, आणि अजरखचा पारंपरिक लाल याच जोडीतून येतो. इजिप्तच्या कोरड्या मातीत कापड टिकलं, सिंधच्या खाऱ्या जमिनीत कुजलं. कुजलं ते नव्हतंच म्हणायचं का?

निळीचीकुंडी: नव्हतंच असं मी म्हणत नाही. बंधक माहीत होतं, मान्य. पण बंधक रंग धरतो आणि लेप रंग अडवतो, ही दोन वेगळी कामं. अजरखला चुना-डिंकाचा लेप ठशाने छापतात, पसरू नये म्हणून वर भुसा टाकतात, मग कापड निळीत बुडवतात. ही लेपाची रीत मोहेंजोदडोच्या त्या कापडात नाही. 'शक्य आहे' आणि 'होतं' यांत अंतर राहू द्या.

हातठसा: तुमच्या वादात कारागीर कुठे आहे? २००१च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडका या अजरख छापणाऱ्या गावाच्या पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडायला लागले, तेव्हा छपाई करणाऱ्या कितीतरी खत्री कुटुंबांनी तिथून उठून अजरखपूर हे नवं गाव वसवलं. आता शेजारच्या स्टॉलवर स्क्रीन प्रिंट कितीतरी स्वस्तात विकलं जातं. 'पाच हजार वर्षं' वाचून गिऱ्हाईक थांबत असेल, तर ती पाटी उतरवायला मी तरी सांगणार नाही.

निळीचीकुंडी: स्क्रीन प्रिंटवालाही तीच पाटी लावतो की! त्याला जमणार नाही ते दाखवा. दोन्ही बाजूंनी ठसा जुळवून छापलेलं कापड उलटून गिऱ्हाइकाच्या हातात द्या.

हातठसा: दोन्ही बाजूंनी छापलेलं महाग पडतं, प्रत्येक स्टॉलवर ते नसतं. एका बाजूने छापणाऱ्याने काय दाखवायचं, तेही सांगा.