गुहागरला उभी गाडी: मोठी बॅटरी ७८ टक्के, बारा व्होल्टवाली ९.८ वर

घाटाखाली
मंडळी, ईव्ही अठरा दिवस घरामागे पत्र्याखाली उभी होती. आज रिमोट चालेना. किल्लीतल्या लोखंडी पात्याने दार उघडलं, तर स्क्रीन काळी. बोनेटखालच्या लेड-ॲसिड बॅटरीला (४५ एएच, म्हणजे अँपिअर-तास) मल्टिमीटर लावला तर ९.८ व्होल्ट. चार्जिंगची गन लावली तरी एकही दिवा लागत नाही, उभी केली तेव्हा मोठी बॅटरी ७८ टक्के होती. शेजारी फक्त स्कूटर, घरात इन्व्हर्टर. टोइंगवाला उद्या म्हणतो. जंप (दुसऱ्या बॅटरीचा करंट) कशावरून देऊ? बॅटरी गेली म्हणायची की नुसती उतरलीय? डॅशकॅम पार्किंग मोडवर होता.

कुडाळचा_वायरमन
गनने काही होणार नाही. मोठ्या बॅटरीच्या आतले कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे स्विच, ओढायला बारा व्होल्ट लागतात, चार्जरशी बोलणारं सर्किटही त्यावरच चालतं. कपाट भरलेलं आहे, किल्ली मात्र कपाटातच राहिलीय.

स्कूटर नको. तिची ४-५ एएचची बॅटरी या ९.८ वाल्या बॅटरीला जोडली की आधी स्कूटरच बसेल. इन्व्हर्टरची बॅटरी वापरा. १५० एएचची ट्यूब्युलर असेल तर यासाठी उत्तमच. इथे स्टार्टर मोटर फिरवायची नाही, फक्त कंट्रोलर जागे करायचे आहेत, त्यामुळे काही अँपिअरांत काम होतं. आधी इन्व्हर्टरचा स्विच आणि मेन प्लग दोन्ही काढा, मग बॅटरी सोडवा. दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर असेल तर एकच न्या, जोडी तशीच लावली तर गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जळेल. वजन पन्नास किलोच्या वर, ॲसिड भरलेलं, म्हणून दोघांनी उभीच उचलायची, कलती नाही.

जोडणी अशी: लाल चिमटा गाडीच्या पॉझिटिव्हला, लालचं दुसरं टोक इन्व्हर्टर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग काळा इन्व्हर्टर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचा काळा गाडीच्या निगेटिव्हला. दहा मिनिटं थांबा, कारण उतरलेली बॅटरी आधी स्वतःच करंट खाते. मग ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबा. ब्रेक न दाबता बटण दाबलंत तर गाडी नुसती ॲक्सेसरीवर येईल. त्यात मोठ्या बॅटरीवरून ही छोटी भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर चालू होत नाही, बॅटरी आणखी खाली जाते. डॅशवर 'रेडी' दिसलंच पाहिजे.

पाना_नंबर_१०
वायरमनदादा, बाकी सगळं बरोबर, पण शेवटचा काळा चिमटा निगेटिव्ह टर्मिनलवर नको. बऱ्याच नव्या गाड्यांत निगेटिव्हच्या क्लॅम्पवर करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. थेट खांबावर चिमटा लावला की तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि चार्जचा हिशोब चुकतो. शिवाय शेवटचा चिमटा लावताना ठिणगी पडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. बोनेटखाली रंग नसलेला जाड बोल्ट शोधा, बॅटरीपासून हातभर लांब, आणि चिमटा त्यावर लावा. नारिंगी वायरच्या (मोठ्या बॅटरीच्या हाय व्होल्टेजची) वाटेला जाऊ नका, अंगठी-घड्याळ काढून ठेवा. आणि करंट आला की दारं आपोआप लॉक होऊ शकतात, तेव्हा किल्ली खिशात!

टोइंगवाल्याला फ्लॅटबेडच (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) आणायला सांगा. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरते आणि उलटी वीज तयार करते.

घाटाखाली
रेडी आली! चिमटे उलट्या क्रमाने काढले, बोनेटखालचा काळा पहिला. मीटर १४.१ दाखवतो. अर्धा तास पुरेल का?

कुडाळचा_वायरमन
पानावाल्यांचं मान्य, बोल्टच बरोबर. १४.१ म्हणजे डीसी-डीसी काम करतोय. रेडीत असताना बारा-साडेबारावरच अडकला असता तर दोष तिथे होता आणि वर्कशॉपशिवाय गत्यंतर नव्हतं.

अर्ध्या तासाने काही होत नाही. वरवरचा चार्ज दिसतो, रात्री पुन्हा मान टाकते. 'पी'मध्ये, हँडब्रेक ओढून, एसी-दिवे बंद ठेवून निदान तीन-चार तास रेडीत ठेवा. आसपास माणूस हवा, कारण गाडी आवाज करत नाही आणि पोरं आत शिरतात. नंतर ४-५ अँपिअरच्या स्मार्ट चार्जरवर रात्रभर लावलीत तरच ती भरली म्हणा.

गेली की उतरली, हे उद्या कळेल. पूर्ण भरून, गाडी लॉक करून बारा तासांनी मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर आणखी वापरून बघा, १२.४ च्या खाली असेल तर लोड टेस्ट (भार देऊन तपासणी) करून घ्या, १२.२ किंवा कमी असेल तर बदलाच. दहाच्या खाली बरेच दिवस राहिलेल्या प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं, क्षमता पूर्ण परत येत नाही. बदलताना आकार, एएच आणि प्रकार तोच घ्या. एजीएमच्या (सीलबंद प्रकारची लेड-ॲसिड) जागी साधी नको.

जांभा_आणि_खार
तुमचा खरा चोर डॅशकॅम. पार्किंग मोडवर ०.३ अँपिअर धरा: दिवसाला ७.२ एएच, म्हणजे ४५ एएचची बॅटरी आठवडाभरही टिकणार नाही. गाडीची स्वतःची झोपेतली ओढ ५० मिलीअँपिअरपर्यंत चालते, त्याने अठरा दिवसांत २१-२२ एएचच जातात. डॅशकॅमला ११.८-१२.० व्होल्टला कापणारा कटऑफ लावा. ओबीडीचा (गाडी तपासायच्या सॉकेटचा) डोंगल लावला असेल तर काढून ठेवा. आणि मुंबईत बसून दर तासाला ॲप उघडून टक्के बघू नका, प्रत्येक वेळी गाडी जागी होते.

एक कोकणातलंच. खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार चढतो, तिथे व्होल्टेज पडतं आणि चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. १० च्या पान्याने आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह काढा. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करा, पॉझिटिव्ह आधी लावून आवळा, वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. जेली आवळण्याआधी लावायची नाही.

गणपतीनंतर गाडी ठेवून महिनाभर जाणार असाल तर निगेटिव्ह काढून ठेवणं सगळ्यात स्वस्त. मात्र त्या आधी ते लोखंडी पातं दाराला लागतं का, ते एकदा फिरवून बघा. मिठाने कुलूप धरलं असेल तर बोनेटचा खटका आतच राहील.