महामार्गावर रोज दुचाकीने प्रवास : बेदरकार चालकांपासून बचाव कसा करावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी कराडला राहतो आणि नोकरीसाठी रोज साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत जातो. कामाच्या पाळ्या बदलत्या असल्यामुळे एस.टी.ची वेळ जुळत नाही आणि रोज चारचाकी नेणे परवडत नाही, म्हणून १५० सीसीची मोटारसायकल हाच पर्याय उरतो. एका बाजूचे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे आणि जवळजवळ सगळा प्रवास पुणे-बंगळूरू महामार्गावरून, म्हणजे आताच्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. आमच्या या रस्त्यावर मात्र अवजड ट्रेलर, खासगी आराम बस, उसाचे ट्रॅक्टर आणि आम्ही दुचाकीस्वार एकाच डांबरावरून चालतो.

हेल्मेट मी नेहमी घालतो, वेग ६० च्या आसपास ठेवतो, गाडीची देखभाल वेळच्या वेळी करतो. त्यामुळे कृपया ‘सावकाश चालवा’ एवढेच उत्तर देऊ नये, ही विनंती. माझा प्रश्न दुसऱ्याच्या बेफिकिरीबद्दल आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. नियम पाळणारा दुचाकीस्वारही या आकड्यात असणार, हे उघड आहे. मग समोरचा चुकणारच असे गृहीत धरून गाडी नेमकी कशी चालवावी, हे मला शिकायचे आहे.

पहिली अडचण मार्गिकेची. नियमानुसार मी डाव्या बाजूने जातो. परंतु भरलेले ट्रक उजव्या मार्गिकेतून संथपणे चाललेले असतात आणि त्यांना ओलांडण्यासाठी मोटारी सर्रास डावीकडून, म्हणजे माझ्याच अंगावरून, भरधाव निघून जातात. अगदी कडेला सरकावे, तर तिथे वाळू, खडी, काचा, बंद पडलेली वाहने आणि उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वार असतात. मग डाव्या मार्गिकेत नेमके कुठे राहावे?

दुसरी अडचण फाट्यांची आणि हॉटेलांची. गेल्या महिन्यात अतीतच्या अलीकडे एका मोटारीने मला उजवीकडून ओलांडले आणि ती पुरती पुढे जाते न जाते तोच डावीकडच्या हॉटेलात शिरण्यासाठी माझ्यासमोर आडवी आली. दिशादर्शक दिवा लावलेला नव्हता. तिचे पुढचे चाक डावीकडे वळू लागलेले मला दिसले आणि त्या क्षणी मी वेग कमी केला म्हणून वाचलो. आत बसलेल्या कोणालाही मी तिथे असल्याची जाणीव नव्हती. मागच्या आसनावरचे मूल तेवढे काचेतून माझ्याकडे पाहत होते. हे सुदैव झाले. असे प्रसंग आधीच ओळखण्याची काही रीत आहे का?

तिसरी अडचण रात्रीची आहे आणि मला सर्वांत जास्त भीती तिचीच वाटते. गळीत हंगाम सुरू झाला की शेंद्रे, यशवंतनगर, रेठरे या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागते. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टी असली तरी ती चिखलाने किंवा उसाच्या लोंबणाऱ्या वाढ्यांनी (शेंड्याकडच्या पानांनी) झाकलेली असते, आणि ट्रॉली जवळ येईपर्यंत पुढे काही आहे हे कळतच नाही. त्यातच समोरून प्रखर झोत आला, तर काही क्षण डोळ्यांपुढे नुसता अंधार असतो. दुसरी पाळी संपवून परतताना घरचे लोक जागे असतात, आणि मी गाडी लावल्याचा आवाज आल्याशिवाय आई झोपत नाही.

याशिवाय मागून अगदी चिकटून येणाऱ्या आणि सतत डिपर मारणाऱ्या वाहनांचे काय करावे, हेही सांगावे. ज्यांना या रस्त्याचा किंवा अशा रस्त्यांचा अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

नमस्कार. मी बरीच वर्षे मल्टिअॅक्सल ट्रेलर चालवला आहे, आता घरीच असतो. केबिनमधून काय दिसते ते सांगतो, कारण दुचाकी चालवणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसते.

आमच्या गाडीची डावी बाजू ही पूर्वी क्लीनरची बाजू. तो खिडकीतून मान बाहेर काढून पाहत असे आणि कोणी बाजूला आले की दरवाजावर थाप मारून सांगत असे. आता पुष्कळ गाड्यांवर चालक एकटाच असतो. डाव्या दरवाजाच्या खाली आणि थोडे मागे दुचाकी असेल, तर ती चालकाला अजिबात दिसत नाही. बंपरच्या अगदी पुढचे काही फूटही दिसत नाहीत. मागे चिकटून चालणारा तर कुठल्याच आरशात येत नाही. म्हणून एक खूण लक्षात ठेवावी : ट्रकच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. चेहरा दिसेल एवढे मागे राहा, किंवा ओलांडायचेच असेल तर समोरचा रस्ता मोकळा असताना उजवीकडून, एका दमात ओलांडा. ट्रकच्या शेजारी शेजारी चालत राहणे सर्वांत वाईट.

वळणाची गोष्ट वेगळी सांगतो. फाट्यावर डावीकडे वळायचे असले की लांब ट्रेलर आधी थोडा उजवीकडे घ्यावा लागतो, कारण मागची चाके आतल्या बाजूने जवळून वळतात. डावीकडे मोकळी झालेली जागा पाहून दुचाकीवाला आत शिरतो आणि मागच्या चाकांपाशी सापडतो. ती जागा त्याच्यासाठी मोकळी झालेली नसते.

आणखी एक. भरलेल्या ट्रकच्या मागे फार जवळून चालू नका. रिमोल्ड केलेल्या, म्हणजे जुन्यावर नवी साल चढवलेल्या टायरची साल निघते आणि तिचा तुकडा मागच्याच्या अंगावर येतो. ताडपत्रीचा सुटलेला दोरही तसाच. मोठी गाडी शेजारून वेगाने गेली की आधी वाऱ्याने बाहेर ढकलल्यासारखे होते आणि मग आत ओढल्यासारखे होते. त्या वेळी हँडल घट्ट आवळू नये, गुडघ्यांनी टाकी धरावी आणि बाजूला दीड-दोन मीटर जागा आधीच ठेवलेली असावी.

प्रतिसाद २

धागाकर्त्यांनी मार्गिकेबद्दल विचारले आहे, त्याविषयी लिहितो. मी नवशिक्यांना दुचाकी शिकवतो.

डाव्या मार्गिकेच्या अगदी कडेने चालू नये. कडेला असाल तर मागच्या मोटारचालकाला वाटते की याच मार्गिकेतून आपणही सहज निघून जाऊ. मार्गिकेच्या मध्यापासून थोडे उजवीकडे, म्हणजे मोटारींची उजवी चाके जिथून जातात त्या पट्ट्यात राहिलात, तर मागच्याला तुम्हाला ओलांडण्यासाठी विचार करावा लागतो, त्याच्या समोरच्या काचेत तुम्ही नीट दिसता आणि प्रसंग आला तर डावीकडे निसटायला जागा शिल्लक राहते. मार्गिकेच्या मधल्या पट्ट्यात वाहनांमधून ठिबकलेले तेल असते. तासवडे टोलनाक्याच्या रांगेत तर ते फार असते, त्यामुळे तिथे त्या पट्ट्यावर जोरात ब्रेक लावू नये. नाक्यावर फास्टॅगची छोटी रांग शोधत मोटारी शेवटच्या क्षणी आडव्या होतात, म्हणून बऱ्याच आधीपासून डावीकडच्या दुचाकीच्या वाटेकडे यावे.

तुम्ही चाक वळताना पाहिलेत, हे अगदी योग्य केलेत. दिशादर्शकावर विश्वास ठेवू नये, पुढच्या चाकावर ठेवावा. तुम्हाला ओलांडून गेलेली मोटार एकाएकी वेग कमी करू लागली, डावीकडे हॉटेलची पाटी किंवा फाटा दिसत असेल, आत बसलेले लोक डावीकडे पाहत असतील, तर ती वळणारच असे धरून चालावे. नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज अशा प्रत्येक फाट्याच्या आधी मी स्वतः अॅक्सिलरेटर सोडतो आणि दोन बोटे पुढच्या ब्रेकवर ठेवतो. असे केल्याने वेळ फारसा जात नाही आणि ब्रेक लागायला होणारा उशीर मात्र टळतो.

आता थोडे गणित. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढे १७ मीटर असेच संपतात, आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लावले तरी थांबायला आणखी सुमारे २४ मीटर लागतात. एकूण झाले साधारण ४० मीटर. ८० च्या वेगाला हेच अंतर ६० मीटरच्या पुढे जाते. दुचाकीच्या कमी झोतात काळ्या, दिवा नसलेल्या ट्रॉलीची कड जेमतेम ३०-४० मीटरवर दिसते. म्हणजे रात्री ६० हा वेगसुद्धा काठावरचा आहे. हंगामात रात्री ४५-५० च्या वर जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. शक्य असेल तर एखाद्या एस.टी.च्या किंवा मोटारीच्या मागे, निदान तीन सेकंदांचे अंतर ठेवून चालावे. तिच्या उजेडात पुढचा रस्ता आधी दिसतो आणि तिचे ब्रेकचे दिवे लागले की आपल्याला सूचना मिळते. समोरून झोत आला तर त्याच्याकडे पाहू नये, डावीकडच्या पांढऱ्या रेषेकडे नजर ठेवावी आणि वेग त्याच क्षणी उतरवावा.

मागून चिकटणाऱ्याशी स्पर्धा करू नये आणि त्याला धडा शिकवण्यासाठी अचानक ब्रेकही लावू नये. आपल्या पुढचे अंतर वाढवावे, म्हणजे आपल्याला कधीच करकचून थांबावे लागणार नाही. मग डावा दिशादर्शक लावून हळूहळू बाजू द्यावी. जाऊ द्यावे त्याला.

तुमची गाडी १५० सीसीची आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे, परंतु अनेक गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असते. अशा गाडीचा मागचा ब्रेक जोरात दाबल्यास मागचे चाक घसरू शकते. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या मैदानात पुढचा ब्रेक टप्प्याटप्प्याने पण पूर्ण ताकदीने दाबण्याचा सराव करावा. आयत्या वेळी हात सवयीप्रमाणेच चालतो.

प्रतिसाद ३

मी तालुक्याच्या ठिकाणी अपघात विभागात परिचारिका आहे. वरच्या सूचना उत्तम आहेत. मी फक्त अपघातानंतर आमच्यापर्यंत जे येते, त्याबद्दल लिहिते.

योग्य हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. परंतु हनुवटीखालचा पट्टा सैल असेल तर हेल्मेट आधी उडून जाते आणि मग डोके आपटते. पट्ट्याखाली दोन बोटांहून जास्त जागा राहू नये. आयएसआय चिन्हासोबत आयएस ४१५१ हा क्रमांक आहे का, ते पाहावे, आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे. रात्री परतताना जॅकेटवर आणि हेल्मेटच्या मागच्या बाजूला परावर्तक पट्टी असू द्यावी. गडद रंगाची काच रात्री वापरू नये.

कोणी पडलेला दिसला, तर श्वासाला अडथळा नसेल तोवर त्याचे हेल्मेट ओढून काढू नये; मानेला इजा असेल तर ती वाढते. १०८ वर कळवावे. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवून ठेवू शकत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ मध्ये तशी तरतूद आहे. लोक अजूनही घाबरून पुढे निघून जातात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

धागाकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी आजवर कडेनेच जात होतो, कारण तेच सुरक्षित असे सगळेच सांगत आले. आता चाकाच्या पट्ट्यात राहून पाहीन. आणखी एकच विचारतो. आमच्या वाटेवर दुभाजक फोडून केलेली एक वाट आहे. तिथून ट्रॅक्टर आणि दुचाकी थेट उजव्या मार्गिकेत येतात. सहापदरीकरणाच्या कामातील एका वळणरस्त्यावर रात्री इशारा देणारा दिवाही नसतो. याची तक्रार कोठे करावी, म्हणजे कोणी दखल घेईल?

प्रतिसाद ४

राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तक्रार करताना ‘अमुक गावाजवळ’ एवढे सांगून भागत नाही. कडेच्या दगडावरचा किलोमीटर क्रमांक, बाजू कराडकडून साताऱ्याकडे की उलट, आणि दिवसाउजेडी गाडी बाजूला उभी करून काढलेले छायाचित्र, एवढे द्यावे, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. त्याच मजकुराचे पत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला द्यावे, त्यावर पोच घ्यावी. एकट्याच्या पत्रापेक्षा ग्रामपंचायतीचा ठराव सोबत जोडलेला असेल तर पाठपुरावा सोपा जातो, कारण दुभाजक फोडणारे बहुधा गावातलेच असतात आणि त्यांना जवळचा भुयारी मार्ग किंवा सेवा रस्ता मिळाल्याशिवाय ती वाट बंद राहत नाही. पत्रात ती मागणीही जरूर करावी.

बिनदिव्याच्या ट्रॉल्यांसाठी उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाला आणि ज्या कारखान्याकडे ऊस जातो त्यांच्या शेती विभागाला लिहावे. वाहतूकदारांशी करार कारखानाच करतो, त्यामुळे ‘पट्टी नाही तर वजनकाट्यावर ट्रॉली घेणार नाही’ असे त्याने ठरवले, तर एका आठवड्यात फरक दिसतो. पत्राचा मसुदा हवा असल्यास सांगा, मी इथेच लिहून देतो.