चालत्या गाडीचे स्टिअरिंग वारंवार जड होते, डीलर म्हणतो दोष नाही

वारजेकर:

नमस्कार. चौदा महिन्यांपूर्वी 11 लाख रुपयांना घेतलेल्या माझ्या गाडीचे इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग मधूनच काम करणे थांबवते. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि स्टिअरिंग इतके जड होते की दोन्ही हातांनी ओढावे लागते. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की सगळे पूर्ववत. पाच वेळा डीलरकडे नेली. दोनदा सॉफ्टवेअर अपडेट केले, एकदा बॅटरीचे टर्मिनल साफ केले आणि दोनदा नुसती धुऊन परत दिली. मागच्या शनिवारी नवीन कात्रज बोगद्याकडून उतरून नवले पुलाजवळ सेवा रस्त्याला वळताना, आई मागे बसलेली असताना, पुन्हा तेच झाले. मागून ट्रक येत होता. त्या उतारावरच्या अपघातांविषयी पुणेकरांना वेगळे सांगायला नको. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला, तर तक्रार फिरून त्याच डीलरकडे जाते. गाडी बदलून मागावी का?

औंधचा रहिवासी:

आधी पाचही जॉबकार्डे, म्हणजे गाडी देताना डीलर तक्रार लिहून सही घेतो ते कागद, काढून वाचा. माझ्या गाडीच्या क्लचच्या तक्रारीत मी सात महिने घालवले, त्याचे कारण जॉबकार्डावरच होते: मी सांगितलेली तक्रार न लिहिता सर्व्हिस अॅडव्हायझरने 'जनरल चेकअप' एवढेच लिहिले होते. कागदावर तक्रारच नसेल, तर कंपनीच्या दृष्टीने ती कधी झालीच नाही. पुढच्या वेळी तुमची वाक्ये तुमच्या शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्या आणि वाचून पाहिल्याशिवाय सही करू नका. 'दोष आढळला नाही' असे म्हणत असतील तर तेही लेखी घ्या, कारण एकाच तक्रारीवर तीनदा असा शेरा येणे हाच तुमचा पुरावा ठरतो. फोनपेक्षा ईमेल करा, तो डीलरच्या वर्क्स मॅनेजरला आणि कंपनीला एकत्र पाठवा आणि कंपनीच्या विभागीय सर्व्हिस अधिकाऱ्यासमोर गाडी तपासण्याची मागणी करा.

भोसरीतील गॅरेजचालक:

तांत्रिक बाजू सांगतो. पॉवर स्टिअरिंगची मोटर गाडी हळू वळताना किंवा पार्क करताना सर्वाधिक करंट ओढते. त्या क्षणी अर्थिंगचा जोड सैल असेल किंवा कनेक्टरमध्ये ओल शिरून पिन गंजली असेल, तर व्होल्टेज खाली येते आणि कंट्रोल युनिट सुरक्षेसाठी स्टिअरिंगला मिळणारी मोटरची मदत बंद करते. म्हणूनच गाडी थंड उभी असताना तपासली तर सगळे ठीक दिसते. स्टिअरिंगवर किती जोर लागतो ते मोजणाऱ्या टॉर्क सेन्सरचा बिघाडही असाच येतो-जातो. दिवा लागला होता, म्हणजे युनिटच्या मेमरीत बिघाडाचा कोड साठलेला असणार; तो पुसण्याआधी स्कॅनरचा प्रिंट मागा. भार देऊन अर्थिंगचा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे त्या जोडात किती व्होल्टेज वाया जाते ते, मोजायला सांगा आणि तंत्रज्ञाला शेजारी बसवून त्याच उतारावर गाडी फिरवा. डीलरच्या अडचणीचाही विचार करा: कोडची नोंद नसेल तर महागड्या भागाचा वॉरंटी क्लेम कंपनी नाकारू शकते, म्हणून तो भाग बदलायला कचरतो. प्रिंट हातात आला की त्याचीही वाट मोकळी होते. तोवर गाडी चालवू नका ही विनंती.

ग्राहक चळवळीतील कार्यकर्ती:

गाडी बदलून मिळण्याची अपेक्षा सुरुवातीलाच धरू नका. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे बंधन असते, संपूर्ण गाडी बदलण्याचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या एका निकालात म्हटले आहे. त्यामुळे मागणी क्रमाने लिहा: मूळ दोष दूर करणे, ते न जमल्यास स्टिअरिंगची पूर्ण जोडणी बदलणे, तेही न झाल्यास गाडी बदलणे किंवा रक्कम परत करणे. नोटीस डीलर आणि उत्पादक दोघांनाही द्या, नाहीतर पुढे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कारण काही प्रकरणे तिथेच मिटतात. नाही मिटले तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. गाडीसाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच येते आणि तुमच्या रकमेला शुल्क 400 रुपये आहे. कंपनीचे मुख्यालय कुठेही असो, तुम्ही पुण्यात राहता म्हणून पुण्यातच दाखल करता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे. दोष नुसता पाहून ठरत नसेल, तर आयोग तज्ज्ञ प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो आणि त्याचे शुल्क तुम्हाला आधी भरायला सांगू शकतो. अशा अहवालाअभावी खऱ्या तक्रारीही फेटाळल्या जातात, म्हणून वरच्या दोघांनी सांगितलेले कागद आधी जमवा.

वारजेकर:

सर्वांचे मनापासून आभार. आत्ताच फाइल काढून पाहिली. पाचपैकी दोन जॉबकार्डांवर स्टिअरिंग हा शब्दच नाही आणि दोन्हींवर माझी सही आहे. ईमेल आज रात्रीच पाठवतो आणि सोमवारी गाडी चालवत न नेता टो करून नेतो.