मदत हवी आहे: ग्लॉक पिस्तुलांचा तक्ता लावायचा आहे, पण क्रमांक जुळत नाहीत

तक्तेकार: एका मासिकासाठी ग्लॉकच्या पिस्तुलांचा तक्ता मी क्रमांकानुसार लावत आहे आणि तो उद्या द्यायचा आहे. ४५ क्रमांकाच्या पिस्तुलाला पॉइंट ४५ची (साधारण ०.४५ इंच व्यासाची) गोळी असणार, असे धरले होते. माहितीपत्रकात मात्र ९ मिमी आहे. १९ क्रमांकाची तर तीन छायाचित्रे मिळाली आणि तिन्ही वेगळी दिसतात. खरे कोणते? कृपया लवकर सांगावे.

गजानन_पुणेरी: छायाचित्रे कोणत्या पिढीची (म्हणजे त्याच पिस्तुलाच्या कोणत्या सुधारित आवृत्तीची) आहेत, हे आपण लिहिलेले नाही. मुठीवर बोटांच्या खाचा आहेत का, आणि नळीखाली दिवा बसवायची रेल आहे का?

जुना_नेमबाज: क्रमांकाचा आणि गोळीच्या आकाराचा काहीही संबंध नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ साली स्वीकारलेल्या १७पासून पुढे, जसजशी पिस्तुले तयार झाली तसतसे क्रमांक पडत गेले. म्हणूनच पॉइंट ४० गोळीचे पिस्तूल २२, पॉइंट २२ गोळीचे ४४ आणि पॉइंट ४५ गोळीचे २१ आहे. तक्ता आधी गोळीनुसार आणि मग आकारानुसार लावावा: ९ मिमीत १७, १९, २६ आणि पॉइंट ४०मध्ये २२, २३, २७, म्हणजे मोठे, मध्यम आणि छोटे.

तक्तेकार: एका छायाचित्रात खाचाही नाहीत आणि रेलही नाही, दुसऱ्यात दोन्ही आहेत, तिसऱ्यात फक्त रेल आहे.

गजानन_पुणेरी: मग तिन्ही खरी आहेत. पहिले सुरुवातीच्या पिढ्यांतले आहे. दुसरे तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचे आहे. चौथी असेल तर स्लाइडवर, म्हणजे नळीवरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागावर, तसे कोरलेले असते. २०१०च्या त्या पिढीत मुठीचा मागचा भाग बदलता येऊ लागला आणि गोळी सुटतानाचा धक्का झेलणारी रिकॉइल स्प्रिंग दुहेरी झाली. तिसरे पाचव्या पिढीचे आहे, कारण २०१७ साली कंपनीने बोटांच्या खाचा काढून टाकल्या. क्रमांक तोच ठेवून आतले भाग बदलत जाण्याची ही पद्धत मला अतिशय शिस्तबद्ध वाटते.

मॉड्युलर_समर्थक: शिस्त सिग सावर या दुसऱ्या कंपनीच्या पी३२० पिस्तुलात आहे. तिथे अनुक्रमांक असलेला ट्रिगरचा गाभा मुठीतून बाहेर निघतो, त्यामुळे त्याच गाभ्यावर वेगळी मूठ आणि वेगळी स्लाइड चढवता येते. २०१७ साली अमेरिकी सैन्याने नव्या पिस्तुलासाठी घेतलेल्या स्पर्धेत त्याचीच निवड केली.

जुना_नेमबाज: त्याच स्पर्धेसाठी केलेल्या नमुन्यावरून ग्लॉकने पुढे १९एक्स बाजारात आणले. १९ची स्लाइड आणि १७ची मोठी मूठ अशी त्याची जोडणी आहे आणि ४५चीही तीच आहे. भाग एकमेकांना बसत असल्याशिवाय असे करता आले नसते, तेव्हा मॉड्युलरपणा (भाग बदलून जोडता येणे) फक्त सिगकडेच आहे हे मला मान्य नाही.

सराव_रोज: १७चे मॅगझिन (मुठीत बसणारा गोळ्यांचा खण) १९मध्ये चालते, थोडे खाली बाहेर येते एवढेच. १९चे मात्र १७मध्ये चालत नाही, कारण ते आखूड पडते.

तक्तेकार: मॅगझिनबद्दल मी विचारले नव्हते. गोळी, आकार आणि पिढी असे तीन रकाने आता केले आहेत. पण १९च्या पुढे काही ठिकाणी ‘एमओएस’ लिहिलेले आहे, ती वेगळी पिढी धरायची का?

गजानन_पुणेरी: नाही. स्लाइडवर ऑप्टिक (नेम धरायला मदत करणारे काचेचे साधन) बसवता यावे म्हणून तिथे जागा कोरलेली असते, एवढाच त्याचा अर्थ आहे. चौथ्या आणि पाचव्या अशा दोन्ही पिढ्यांत तशी पिस्तुले आहेत, म्हणून त्यासाठी चौथा रकाना करावा.