प्रतिसाद: पात्रं पुठ्ठ्याची, पण विज्ञान नाही

चिनी लेखक लिऊ त्सशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ या विज्ञान कादंबरीबद्दल वर कोणी म्हटलंय की पात्रं पुठ्ठ्याची आहेत आणि विज्ञान नुसतं तोंडी लावायला आहे. पात्रं पुठ्ठ्याची वाटतात, हे मान्य. पण ‘विज्ञान नुसतं तोंडी लावायला’? हे काही पटलं नाही बुवा. हा माणूस शान्शी प्रांतातल्या वीजकेंद्रात कॉम्प्युटर इंजिनिअर होता, नोकरी सांभाळून लिहायचा. (आमच्या महापे-रबाळे पट्ट्यात इंजिनिअरांना तोटा नाही, लिहायचं मात्र कोणी मनावर घेत नाही!)

कादंबरीतला ३ कोटी सैनिकांचा कॉम्प्युटर घ्या, म्हणजे यंत्राच्या भागांच्या जागी माणसं उभी करून चालवलेला. तीन शिपाई, हातात काळे-पांढरे झेंडे. पहिल्या दोघांनी काळा दाखवला तरच तिसरा काळा उचलणार. झालं अँड गेट, म्हणजे दोन्हीकडून ‘हो’ आलं तरच ‘हो’ म्हणणारा कॉम्प्युटरचा छोटासा भाग. वाशी-ठाणे लोकलमध्ये भाचीला हे सांगितलं, तर कोपरखैरणे जायच्या आत पोरीने वहीच्या मागच्या पानावर ऑर गेटचे (दोघांपैकी एकाने जरी काळा दाखवला तरी तिसरा काळा उचलणार) शिपाई उभे केले.

आणखी एक. कादंबरी २००६मध्ये मासिकातून क्रमशः आली, २००८मध्ये पुस्तकरूपाने. त्या चिनी पुस्तकात माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीचा प्रसंग मध्येच कुठेतरी सरकवलेला होता. केन लिऊंच्या २०१४च्या इंग्रजी अनुवादात तो सुरुवातीला आला, आणि विज्ञानकथांसाठीचा मानाचा ह्यूगो पुरस्कार २०१५मध्ये त्याच अनुवादाला मिळाला. तेव्हा सुरुवात जड गेली म्हणून पुस्तक खाली ठेवू नका. निदान झेंड्यांपर्यंत तरी पोचा.