चिकोरिटा घेणारे मूर्ख नसतात

हिरवापाला:
काल इथे एकाने लिहिलं की पोकेमॉनच्या जोटो प्रदेशातल्या गेममध्ये स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचा पोकेमॉन, म्हणून चिकोरिटा घेणारा एक तर नवखा असतो नाहीतर मूर्ख. शेजारी आगीचा सिंडाक्विल आणि पाण्याचा टोटोडाइल असताना ते ग्रास टाइपचं, म्हणजे झाडपाल्याचं, पान कोण उचलतं? उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

शेवटची रूपं बघा: चिकोरिटाच्या मेगानियमच्या बेस स्टॅट्सची (मूळ ताकदीच्या आकड्यांची) बेरीज ५२५, टोटोडाइलच्या फेरालिगेटरची ५३०, सिंडाक्विलच्या टायफ्लोजनची ५३४. नऊ गुणांवरून माणूस मूर्ख ठरत नाही. शिवाय मेगानियमचे डिफेन्स आणि स्पेशल डिफेन्स दोन्ही १००.

आता आधीच्या गेममधला ग्रास स्टार्टर बल्बासॉर बघा. त्याची आणि चिकोरिटाची बेरीज एकच, ३१८. त्याचं शेवटचं रूप व्हीनसॉर, त्याचीही मेगानियमइतकीच ५२५. पण बल्बासॉरला सगळे डोक्यावर घेतात, कारण १९९६च्या गेममध्ये पहिला जिम, म्हणजे लढतीचा टप्पा, ब्रॉकचा, दुसरा मिस्टीचा. दगड आणि पाणी, म्हणजे ग्रास टाइपची मेजवानीच. १९९९ साली गोल्ड-सिल्व्हर आले आणि चिकोरिटासमोर आधी फॉकनरचे पक्षी, मग बग्सीचे किडे, पुढे मॉर्टीची भुतं, तीही सगळी पॉयझन टाइपची. या सगळ्यांवर ग्रासचा घाव कमी लागतो. दोष जोटोच्या आखणीचा आहे. झाडाला कशाला शिव्या?

आणि तिसऱ्या जिममधल्या ज्या व्हिटनीच्या मिल्टँकने तुम्हा सगळ्यांना रडवलं, तिच्यासमोर मी चिकोरिटाच उभी करतो. मिल्टँकचा रोलआउट हा हल्ला पाच टर्न चालतो, दर टर्नला जोर दुप्पट. बाराव्या लेव्हलला मिळणारं, मार कमी करणारं रिफ्लेक्टही पाच टर्न टिकतं. वर पॉयझन पावडर. सिंडाक्विलकडे यातलं काय आहे?

ज्वालामुखी:
ते वाक्य माझं होतं आणि मी त्यावर ठाम आहे. जोटोची आखणी चिकोरिटाच्या विरोधात आहे हे तुम्हीच लिहिलंत. मग खेळायचं कुठे? जोटोतच ना? बग्सीच्या सायथरवर रेझर लीफ हा ग्रासचा हल्ला एक चतुर्थांश लागतो. टीम रॉकेटच्या गुंडांकडे पॉयझनवाले झुबॅट आणि कॉफिंग. रायव्हल, म्हणजे गेममधला प्रतिस्पर्धी, तर सिंडाक्विल घेऊन येतो, सोबत गॅस्टली आणि झुबॅट. पुढे शेवटच्या चौघांत, एलिट फोरमध्ये, पॉयझनवाला कोगा आहेच. स्टॅट्सची बेरीज घेऊन काय करू?
आणि मूव्ह्ज? रेझर लीफ, बॉडी स्लॅम, आणि फार उशिरा सोलरबीम. संपलं.

गुहेतला_जिओड्यूड:
अहो, पण स्टार्टर एकट्याने गेम जिंकावा ही अपेक्षाच का? डार्क केव्हमधून दगडी जिओड्यूड धरा, फॉकनर आणि बग्सी दोघांची सोय होते. मी लहानपणी तेच केलं. माझा मोठा भाऊ टोटोडाइल घेऊन एकटाच पुढे पळायचा आणि प्रत्येक जिमला अडकायचा. चिकोरिटामुळे मला टीम बांधावी लागली.

ज्वालामुखी:
म्हणजे जिओड्यूड चांगला. चिकोरिटाने काय केलं?

खरं_कार्ट्रिज:
माझा मुद्दा वेगळा आहे. इथले निम्मे लोक एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवर गेम चालवणाऱ्या प्रोग्रामवर) फास्ट फॉरवर्ड दाबून लेव्हल वाढवत होते. अर्ध्या तासात बेलीफ, म्हणजे चिकोरिटाचं मधलं रूप, तिशीच्या लेव्हलला नेली की मिल्टँक काय आणि कोण काय. अशांनी ‘चिकोरिटा सोपी’ किंवा ‘अवघड’ असं बोलूच नये. मी गेमबॉय कलरवर, खिडकीपाशी उजेड धरून खेळलोय.

मुलुंडचा_मॅग्नेमाइट:
झालं, आले खरे खेळाडू! कार्ट्रिज कुठून आणणार होतो आम्ही? कोणाचा तरी काका अमेरिकेत असेल तर मिळायचं. मी खाऊचे पैसे साठवून एका दुकानातून सिल्व्हर घेतलं, ते नकली निघालं. मॉर्टीपर्यंत पोचलो आणि सेव्ह उडालं. दुकानदार म्हणाला, बेटा, परत नवीन सुरू कर. अजून राग येतो. त्यानंतर सायबर कॅफेतला एम्युलेटरच आमचा गेमबॉय. फास्ट फॉरवर्ड दाबायचो, कारण तासाचे पैसे मोजावे लागायचे!

खरं_कार्ट्रिज:
सेव्ह माझंही गेलं. घड्याळ चालतं ठेवायचं म्हणून त्या कार्ट्रिजमधली बॅटरी लवकर संपते, मग अस्सल असो वा नकली. ते दुःख मला कळतं. पण पैसे वाचवायला दाबलेलं बटण अडचण पुसून टाकतंच, हे तरी मान्य करा.

मुलुंडचा_मॅग्नेमाइट:
करतो मान्य. पण बोलायचा हक्क काढून घेऊ नका. मॉर्टीने मलाही तितकंच हरवलंय.

कोथरूडची_बेलीफ:
तुमचा काका आणि दुकान बाजूला ठेवा, मूळ प्रश्नावर या. मी कार्टून बघून चिकोरिटा घेतली. ॲशची ती हट्टी, मत्सरी चिकोरिटा, त्याच्यासाठी कोणाशीही भिडणारी. मला स्टॅट्स कळतही नव्हते. आवडलं म्हणून घेतलं, यात मूर्खपणा कुठला? कोणी तसं म्हटलं की मला खरंच लागतं.

ज्वालामुखी:
ताई, ‘मूर्ख’ हा शब्द मागे घेतो. ‘चुकीची निवड’ हे घेत नाही. आणि हिरवापाला, तुमचं रिफ्लेक्ट जुन्या गोल्डमध्ये ठीक. त्याच्या नव्या आवृत्तीत, हार्टगोल्डमध्ये, मिल्टँककडे विष उतरवणारी लम बेरी आहे, तुमची पावडर गेली वाया. त्यात तिथे रेझर लीफ फिजिकल (डिफेन्सवर अडणारा) झालाय आणि मिल्टँकचा डिफेन्स १०५. वर विरुद्ध लिंगाच्याला भुरळ घालणारं ॲट्रॅक्ट. आठातल्या सात चिकोरिटा नर असतात, म्हणजे बहुतेकांची बेलीफ निम्मे टर्न नुसती उभी.

हिरवापाला:
लम बेरी एकदाच चालते. दुसरी पावडर टिकते. हार्टगोल्डमध्ये जीव भरून काढणारं सिंथेसिसही बाराव्या लेव्हललाच मिळतं, म्हणजे विष काम करेपर्यंत तग धरता येते. ॲट्रॅक्ट नर सिंडाक्विललाही तसाच लागतो, तो चिकोरिटाच्या खात्यात का?
आणि पुढच्या जिमचं कोणी बोलतच नाही. चकचा पोलीव्रॅथ पाण्याचा. प्राइसचे सील, ड्यूगाँग आणि पायलोस्वाइन तिन्ही ग्रासला कच्चे. बर्फाचा मार बसतो, मान्य, पण आपला घाव दुप्पट लागतो. शेवटी जुन्या गेमच्या कांटो प्रदेशात गेल्यावर ब्रॉकच्या टीममध्ये ग्रासपुढे टिकणारा एकही नाही.

ज्वालामुखी:
प्राइस सातवा जिम. तोपर्यंत लोक चिकोरिटाला टीमबाहेर, बॉक्समध्ये टाकून मोकळे झालेले असतात.
२०२५च्या लेजंड्स झेड-ए या गेममध्ये तिला पुन्हा स्टार्टर केलं, मेगा मेगानियम या जादा ताकदीच्या रूपाला फेअरी टाइप जोडून दिला. एवढी वर्षं ती कमी पडत होती हे बनवणाऱ्यांनाही दिसलं, म्हणूनच ना?

हिरवापाला:
ग्रास आणि फेअरी एकत्र म्हणजे पॉयझनचा घाव चौपट. याला मदत म्हणता? आणि मेगा रूप फेरालिगेटरलाही मिळालं, मग तोही कमी पडत होता का?

ज्वालामुखी:
नाही, तो नव्हता. चौपटचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा तुमचा. बाकी मॉर्टीसमोर एकट्या मेगानियमने, औषध न वापरता जिंकून दाखवा, मग बोलू.

हिरवापाला:
दाखवतो. जुन्या सिल्व्हरमध्ये, फास्ट फॉरवर्ड न लावता. पण तुमचा टायफ्लोजनही व्हिटनीसमोर एकटाच उतरवायचा, तोवर तो मधल्या रूपात, क्विलावाच असेल.