मदत हवी आहे: मासे घेताना फसवणूक, रविवारच्या आत उत्तर हवं

वऱ्हाडची_लेक · गुरुवार, सकाळी ९.४०
मागच्या महिन्यात मासे घेताना फसले. या रविवारी सासूबाई पुन्हा येतायत, श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार आहे. दुकानात उभं राहून नेमकं काय बघायचं ते कृपया सांगा. डोळे चमकदार, कल्ले लाल हे सगळीकडे वाचलंय आणि तेच बघून घेतलं होतं. त्याच्या पुढचं सांगा. घाई आहे.

उरणकर_७२ · ९.५५
ताई, कुठला मासा? कुठलं शहर? अख्खा घेतलात की तुकड्या? काय फसवलं, शिळा दिला की दुसराच दिला? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

चिंचगूळ · १०.०२
फॉर्मेलिन असणार, मासा सडू नये म्हणून वापरतात ते रसायन. बर्फ कमी पडला की हेच मारतात. जुलै २०१८ मध्ये गोवा सरकारने बाहेरून येणाऱ्या माशांवर १५ दिवस बंदी घातली होती, ती याच प्रकरणावरून. ज्या माशावर माशी बसत नाही तो घेऊ नका. एवढं पाळलं तरी पुरे.

वऱ्हाडची_लेक · १०.२०
पुणे. पापलेट घेतलं होतं. शिळं नव्हतं बहुतेक, पण चव पापलेटची नव्हती. सासूबाई अलिबागकडच्या, त्यांनी एक घास खाल्ला आणि तुकडा ताटाच्या कडेला सरकवला. बोलल्या काहीच नाहीत. मला ते फार लागलं. मी यवतमाळची, आमच्याकडे मटण म्हणाल तर डोळे मिटून निवडून देईन, समुद्राचा मासा लग्नानंतरच पाहिला.

मुळामुठा · १०.३१
मटण निवडता येतं ना, मग मटणच करा! पुण्यात बोल्हाईचं मटण मिळतं, ते एकदा करून बघा. बोल्हाईचं म्हणजे मेंढीचं. वाडेबोल्हाईची देवी ज्यांची कुलदैवत, त्या घरांत बोकड चालत नाही, म्हणून दुकानावर तशी पाटीच असते. बाहेरून आलेल्यांना हे माहीत नसतं आणि ते बोकडाचं समजून घेऊन जातात. मेंढीची चरबी पांढरीशुभ्र आणि घट्ट असते, वास थोडा उग्र. शेपूट ठेवलेली असेल तर तीही बघा, बोकडाची आखूड आणि वर वळलेली.

उरणकर_७२ · १०.३८
मुळामुठा, त्यांनी मटणाचं विचारलंच नाही. ताई, चव पापलेटची नव्हती म्हणजे कशी? भाव काय लावला? साफ करून घेतलंत का?

वऱ्हाडची_लेक · ११.०५
४५० रुपये किलो. दुकानदाराने अख्खं दाखवलं, चपटं, गोलसर, चंदेरी. मग आत नेऊन तुकड्या करून आणल्या. तळताना ओल्या मातीसारखा वास आला. आणि मुलाला काटा लागला, बारीक, दोन टोकांचा. पापलेटमध्ये मधला काटा सोडला तर काही नसतं असं सासूबाईच म्हणायच्या, म्हणून तर मुलासाठी घेतलं होतं.

सातपाटीकर · ११.१२
डोकं आणलं होतं का घरी? दात होते?

वऱ्हाडची_लेक · ११.२६
हो, सारासाठी आणलं होतं. दात होते! माणसाच्या दाढांसारखे. मला वाटलं पापलेटला असतात.

सातपाटीकर · ११.४५
रूपचंद दिला तुम्हाला. पापलेट नव्हतंच ते. गोड्या पाण्यातला मासा, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्या देशात आंध्र आणि बंगालकडे तळ्यांत वाढवतात. खायला वाईट नाही, पण पापलेट म्हणून विकणं ही सरळ चोरी आहे. मातीचा वास, दोन टोकांचे काटे, दाढा, सगळं जुळतं.

आता नीट लक्षात ठेवा. पापलेटच्या पोटाखाली पर नसतात. मासा उताणा करा आणि छातीच्या मागे बोट फिरवा. पोटावर पराची जोडी लागली तर खाली ठेवा. दुसरं, रूपचंदाच्या पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो, काड्या नसलेला. पापलेटला तो नाही. पापलेटची शेपटी खोल दुभंगलेली असते आणि खालचं पातं वरच्यापेक्षा लांब. तोंड एवढंसं. खवले इतके बारीक की हात फिरवला तर बोटाला चांदी लागते.

म्हणूनच साफ करताना पर आणि शेपटी आधी छाटतात. तुमच्यासमोर सुरी लागली पाहिजे. 'आत जाऊन आणतो' म्हणाला की घ्यायचं नाही. मी सातपाटीचा, पापलेटवर आमची घरं उभी आहेत. २०२३ साली राज्याने त्याला राज्यमासा केलं, तेव्हा गावात सणासारखं वाटलं होतं. त्याच्या नावावर तळ्यातला मासा खपवलेला बघितला की जीव जळतो.

दूरदेशी · ११.५८
इथे न्यू जर्सीत बांगलादेशी दुकानात 'रूपचांदा' लिहिलेलं पाकीट मिळतं. त्यांच्या भाषेत ते खऱ्या समुद्रातल्या पापलेटचं नाव आहे. म्हणजे नावावरून ठरवू नका. पाकिटावर शास्त्रीय नाव असेल तर ते वाचायचं. आम्ही गोठवलेलंच खातो, रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवलं तर उत्तम होतं.

चिंचगूळ · १२.१०
रूपचंद असेलही, पण मातीचा वास मी फॉर्मेलिनचाच धरेन. माशी बसत होती का, ते सांगा.

चाचणी_विभाग · १२.३४
चिंचगूळ, नाही हो. मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. मातीचा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. तळ्यातले सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि माशाच्या चरबीत ते साठतं. आंबटाने तो कमी होतो, म्हणून नदीचा मासा चिंचेत, लिंबात मुरवायची पद्धत आहे. फॉर्मेलिनचा वास डोळ्यांना, नाकाला झोंबणारा, आणि मांस रबरासारखं ताठ होतं.

माशीवर तर अजिबात विसंबू नका. बर्फात गाडलेल्या चांगल्या माशावरही माशी कमीच बसते आणि पंख्याखाली ठेवलेल्यावर मुळीच नाही. शंकाच असेल तर कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीचा संच काढलाय, माशावर घासून मिनिटांत रंग दिसतो. पण बोंबलासारख्या माशात फॉर्मल्डिहाइड, म्हणजे फॉर्मेलिनमधलंच द्रव्य, आपोआपही तयार होतं. तेव्हा नुसता रंग बदलला म्हणून कोळणीवर आरोप करू नका.

चिंचगूळ · १२.५०
बोंबलाचं माहीत नव्हतं. तरी माझ्या भावाला मासे खाऊन दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले होते, ते मी विसरणार नाही. मी सावध राहा म्हणणारच.

मालवणी_तिखट · १.१५
पापलेटाचा हट्ट सोडा, सुरमई घ्या. आमच्याकडे इसवण म्हणतात. पण तिच्यातही तुकड्या घेतल्यात की संपलं. कुपा आणि सकला दोन्ही सुरमई म्हणून खपवतात. कुप्याची तुकडी बघितली की आत मोठा काळपट लाल भाग दिसतो. सुरमईत तो कातडीलगत पट्टीएवढाच, बाकी मांस फिकट. सकल्याचं मांस पांढरं असतं, तिथे फसायला होतं, तेव्हा कातडी बघा: सकला तपकिरी, सुरमई चंदेरी आणि अंगावर उभे पट्टे. अख्खी उभी करून घ्या, समोर कापून घ्या, डोकं मागून घ्या. डोक्याचं तिखलं तुकड्यांपेक्षा सरस होतं, माझी आई त्यात त्रिफळं…

उरणकर_७२ · १.२२
थांबा सगळे. कोणीच महिना बघत नाहीये. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटी बंद असतात. ताईंनी जूनमध्ये पापलेट घेतलं आणि आता जुलैत पुन्हा घ्यायचं म्हणतायत. आत्ता पुण्यात 'कालचं, मुंबईचं' म्हणून जे सांगतील ते खोटं. एकतर शीतगृहातलं, नाहीतर पूर्व किनाऱ्याचं. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे आता त्यांच्या बोटी चालू आहेत. तो माल बर्फातून दोनेक दिवसांनी पोचतो. नीट बर्फात आला असेल तर खाण्याजोगा असतो, पण ताजा म्हणून त्याचा भाव देऊ नका.

आणि ४५० रुपयांत बंदीच्या दिवसांत मोठं पापलेट येतच नाही. तिथेच थांबायला हवं होतं.

वऱ्हाडची_लेक · १.४०
मला भाव काय असतो तेच माहीत नव्हतं. आमच्या घरी कोणाला नाही. पण दादा, मग रविवारी करू काय? त्या पापलेटच खातात.

सातपाटीकर · २.०५
गणेश पेठेच्या बाजारात सकाळी लवकर जा, गल्लीतल्या दुकानात नको. परांचं वर सांगितलंय, त्याने मासा कुठला ते कळेल. ताजेपणासाठी आमच्या बायका करतात ती खूण: कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबायचं. पांढरट दुधासारखं पाणी आलं तर ताजं, लालसर तपकिरी आलं तर मुरलेलं. कल्ल्यांच्या रंगावर जाऊ नका. पोट दाबून बघा, खळगा तसाच राहिला तर परत ठेवा. बर्फात राहिलेल्या माशाचे डोळे पांढुरके होतात, तेवढ्यावरून टाकू नका.

हाताएवढीसुद्धा नसलेली पापलेटं स्वस्त मिळतील, ती मात्र घेऊ नका. ती पिल्लं आहेत. ती संपली की पुढच्या वर्षी तुम्हालाही नाही आणि आम्हालाही नाही.

मुळामुठा · २.२०
उजनीची चिलापी किंवा जिवंत मरळ घ्या. टबात पोहणाऱ्या माशात कोण फसवणार? भिगवणला माणसं खास त्यासाठी जातात.

मालवणी_तिखट · २.२६
अलिबागच्या बाईला चिलापी? दारातूनच परत जातील.

मुळामुठा · २.३१
चांगलं शिजवलेलं कोणीही खातं. गोड्या पाण्याच्या माशाला उगाच कमी लेखू नका, माझं बालपण त्यावर गेलंय.

चाचणी_विभाग · २.४८
ताई, माझं ऐकाल तर सासूबाईंना आजच फोन करा आणि मागच्या वेळी काय झालं ते जसंच्या तसं सांगा. ज्यांनी आयुष्यभर मासे निवडलेत त्यांनाच विचारायच्या ऐवजी आपण इथे का विचारतोय?

वऱ्हाडची_लेक · ३.०२
लाज वाटते म्हणून.

वऱ्हाडची_लेक · रविवार, रात्री १०.१५
सगळ्यांचे आभार, विशेषतः सातपाटीकर आणि उरणकर दादा. गुरुवारी संध्याकाळी फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, मला पहिल्या घासालाच कळलं होतं, पण तू सकाळपासून राबत होतीस." मग म्हणाल्या, "बंदीत पापलेट कोण करतं? मी सोडे आणते." सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. शनिवारीच आल्या.

आज सकाळी सातला दोघी गणेश पेठेत गेलो. एका पाटावर पापलेट होतं, मी उताणं केलं, पोटाला पर नव्हते. मग दाबलं, पाणी तपकिरी आलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि आम्ही पुढे गेलो. दोन पाटांपलीकडे रूपचंद होता, रूपचंद म्हणूनच विकत होती ती बाई, नाव लपवलं नव्हतं. त्या पाठीवरच्या छोट्या पराला मी हात लावून बघितला. आता विसरणार नाही.

शेवटी मासा घेतलाच नाही. सोड्याची खिचडी त्यांनी केली, मटण मी केलं, बोकडाचं, पुढच्या मांडीचं. नारळी पौर्णिमा झाली की अलिबागला बोलावलंय, तिथे बंदरावर नेऊन शिकवणार म्हणाल्या.

एक राहिलं: उरलेले सोडे पाव किलो आहेत. पावसाळ्यात ठेवायचे कसे? बरणीत आत्ताच ओलसर लागतायत.

उरणकर_७२ · १०.४०
तव्यावर तेलाशिवाय मंद आंचेवर गरम करा, पूर्ण गार होऊ द्या, मग घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये. बुरशी दिसली तर लगेच टाका.